चौदा पावलं खाली

आमच्याकडे आलेला पाहुणा चहा येईपर्यंत दम धरतो आणि मग विचारतोच, "शेठजी, एवढं देखणं घर बांधलं अन् पायऱ्या अर्ध्यावरच तोडल्या काहून?" मी काहीबाही सांगतो. कधी जमीन खचली म्हणतो, कधी गवंड्यानं घोळ केला म्हणतो. गवंडी बिचारा भंडाऱ्याला आपल्या घरी सुखात आहे, त्याचा यात काडीचाही दोष नाही. बायको आतून ऐकत असते. पाहुण्याची गाडी वळली की म्हणते, "अजून किती जणांपुढे त्या गवंड्याले बदनाम करून राहाल?" म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. पुढच्या पाहुण्याच्या हातात चहाबरोबर कागदच देता येईल.

भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. माझा जन्म ठोक्यांच्या आवाजात गेला. एका बाजूला पाण्याचे गुंड आणि पराती ठोकणारे, दुसऱ्या बाजूला ऑटोचे भोंगे, मधे आम्ही. घरातल्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून. लोक आमच्या घराण्याला भांडखोर म्हणतात. बाकीच्यांचं माहीत नाही, पण मी आहे. साठी उलटली तेव्हा मुलानं दुकानात स्टीलची भांडी आणून ठेवली, त्यावरून आमचं दोन महिने वाजलं, आणि एक दिवस मी जाहीर केलं की मला आता कोणाशीच बोलायचं नाही, मी तलावाकाठी राहायला जातो. मुलाला वाटलं, रागाच्या भरात बोलतोय. खरं तर ती इच्छा पन्नास वर्षं जुनी होती.

लहानपणी दिवाळीला आम्ही करडी गावाच्या पुढे मामाकडे जायचो. एसटी एका ठिकाणी चढ चढायची आणि तलावाच्या पाळीवर यायची. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, त्याच्यावरूनच रस्ता. मी नेहमी खिडकीसाठी भांडायचो. एका खिडकीतून पाणी दिसायचं, अगदी चाकाला लागेल इतकं जवळ, त्यावर पोयन्याची फुलं, म्हणजे पाणकमळं. आणि दुसऱ्या खिडकीतून धानाची शेतं, पण ती खूप खाली, घराच्या माडीवरून अंगण दिसावं तशी. पाणी वर आणि शेतं खाली हे माझ्या डोक्यात बसेना. मी मामाला विचारलं. मामा म्हणाला, "पानी आपल्या मनानं वर नाई बसलं बाबू. मानसानं ठेवलं हाय तठी." पुढे कित्येक वर्षं दुकानाच्या गादीवर बसून मला ती पाळ आठवायची.

मी प्लॉट घेतला तो याच तलावाच्या काठावर, पाळीच्या बरोबर समोर. पाळीच्या मागे गाव. आमच्या बाजूला तलाव हळूहळू उथळ होत जमिनीला मिळतो. पाहायला गेलो तेव्हा वैशाख होता, पाणी पार मध्यावर आटलं होतं आणि काठावर बेशरमाची झुडपं माजली होती. त्या झुडपांत, प्लॉटच्या तोंडाशीच, गुडघ्याएवढा एक दगड उभा होता. त्याला शेंदूर होता. शेंदराचे थर इतके, की दगडाचा मूळ आकार कळत नव्हता.

अडचण एवढीच होती की दगड नेमका माझ्या पायऱ्यांच्या जागी होता. मी घराचा नकाशा स्वतः काढला होता. पुढे लांब ओसरी, ओसरीत खुर्ची, आणि ओसरीतून सरळ तलावाकडे उतरणाऱ्या सात पायऱ्या. खुर्चीत बसलं की माझ्या आणि पाण्याच्या मधे काही येता कामा नये. गवंडी म्हणाला, "पायऱ्या जराशा वळवून घेऊ शेठजी, देव कायले हलवता?" बायको म्हणाली, देव हलवू नये. दोघांनी नको म्हटल्यावर मला हलवावाच लागला, माझा स्वभावच तसा. मी म्हणालो, हलवत कुठे आहे, चांगली मोकळी जागा देतोय. पुढच्या उन्हाळ्यात घर पुरं होत आलं तेव्हा नारळ फोडला, अभिषेक केला, जेसीबीनं दगड उचलला आणि तलावाच्या पोटात सरळ रेषेत खाली नेला. गवंड्यानं विचारलं, कुठवर? मी पावलं टाकत गेलो. चौदा पावलांवर थांबलो, कारण तिथे तो ओसरीतल्या खुर्चीतून पाहताना पाण्याच्या आड येत नव्हता. आधी जेवढा जमिनीत गाडलेला होता तेवढाच गाडायला लावला. मी काटेकोर माणूस आहे. दुकानात पितळी पायल्या आणि अधोल्या विकल्या, पण मापाला जन्मात बोट लावलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

गावातल्या कोणी पाहिलं नाही. त्या काठावर येतो कोण? नंतर जे आले त्यांना बेशरम काढलेली दिसली, सपाट केलेली जमीन दिसली, नवं घर दिसलं. देवही दिसला. त्याची जागा कोण मोजणार?

घरभरणीला सगळं गाव जेवायला आलं, एक म्हातारा सोडून. त्याचे गुडघे दुखतात आणि तलावाला वळसा घालून एवढं चालणं होत नाही, असं कळलं. तो गावाचा पाणकर होता, म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. सत्तरीच्या पुढचा, काटक, डोक्याला पांढरा दुपट्टा. मी त्याला काकाजी म्हणू लागलो. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "शेठजी, तुमचं घर देवापाशीच झालं म्हन्तेत. एक काम सांगू का? दरसाल मी देवाले शेंदूर लावाले जात होतो. आता गुडघे नाई म्हन्तेत. तुमीच लावत जा जी." मी हो म्हणालो. देव चौदा पावलं सरकवला आहे हे सांगावं असं मला वाटलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पहिले काही महिने मी सुखात होतो, ते सुख आठवलं की आता तोंड कडू होतं. पाणी चढत गेलं. सकाळी धुकं उठायचं आणि त्यातून मासे धरणाऱ्या ढिवराचा डोंगा निघायचा, आधी नुसता बांबू दिसायचा, मग माणूस. शिंगाड्याच्या वेलींवर पाणकोंबड्या चालायच्या. दुपारी पाणी शिशासारखं, संध्याकाळी आमच्या दुकानातल्या परातीसारखं पिवळं. मी नुसता बसायचो. जो माणूस गिऱ्हाइकाशी, पोराशी, नळवाल्याशी भांडल्याशिवाय दिवस घालवत नव्हता, तो तासन् तास गप्प बसलेला पाहून बायकोनं माझा रक्तदाब मोजून घेतला.

सकाळी चहा झाला की मी तलावाला वळसा घालून पाळीवर जायचो. काकाजी तिथे जांभळाच्या झाडाखाली बसलेला असायचा. त्यानं मला तलाव शिकवला.

"हे कोणी बांधलं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आमच्याच लोकायनं जी. कोन्त्या पिढीत ते नको इचारू. दोन टेकड्या पाह्यल्या, मधातून पानी पयत जाये. म्हनले, याले अडवू. माती वायली टोपल्यानं, बैलायनं तुडवली, मानसायनं तुडवली. शिमिट कुठी होतं तवा?" तो पाळीवर टाच आपटायचा, जणू अजून तुडवतोय. तलाव बांधील त्याला गावाचा सारा वसूल करायची मालगुजारी मिळायची, मग मालगुजारी गेली, तलाव सरकारी कागदावर चढले, हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. काकाजी ते एका वाक्यात उडवून लावायचा. "कागद हापिसात गेला, पानी अठीच रायलं."

त्याच्याकडूनच मला कळलं की त्या गावात ज्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटी असतं, त्यालाच पाणकर करतात. पाळीतल्या तुडुमातून, म्हणजे दगडी मोरीतून, पाणी सुटतं आणि पाटानं शेताशेतातून जातं. पहिल्या शेतवाल्याला पाणकर केलं तर त्याचं भागलं की तो झोपेल. शेवटच्या शेतवाल्याला स्वतःचं धान जगवायचं असेल तर वरच्या सगळ्यांपर्यंत आधी पाणी पोचवावंच लागतं. सुगीला घरोघरून त्याला सूपभर धान मिळायचं. चाळीस वर्षं तोच पाणकर होता, आणि त्याआधी त्याचा बाप.

भादवा सरत आला तेव्हा गावानं सलंग बांधला. सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जायची ठेंगणी जागा. पावसाचा मोठा जोर ओसरला की तिथे मातीची पोती रचायची आणि शेवटच्या सरींचं पाणी अडवून धरायचं, अशी रीत. त्याच पाण्यावर धान निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर पडते. त्या वेळी पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, नुसती फोलं हाती येतात. पोती रचून झाली आणि लोक घरी गेले. काकाजी आणि मी पाळीवर बसलो.

"पण पाणी जास्तच चढलं तर?" मी विचारलं. "पाळ फुटायची एखादी."

"त्याच्यासाठीच त देव हाय जी."

मला वाटलं, तो श्रद्धेनं बोलतोय. मी मान हलवली.

"तसं नाई," तो म्हणाला. "समोर पाहा. तुमच्या घरासमोर लाल ठिपका दिसून रायला? तो देव निस्ता पूजेचा नाई. ते माप हाय. पानी त्याच्या पायाले लागलं का त्याची सावली पान्यात पडते. अठून एकाचे दोन ठिपके दिसतेत. दोन दिसले का समजाचं, देव न्हाला. मंग पोती काढाची, नाई त पाळ गेली. अन् एकच दिसून रायला तोवर हात नाई लावाचा, किती बी पानी पडो. आमच्या बुढ्या लोकायनं तोलून ठेवला हाय तो. पयले तुडुमाच्या दगडावर बी खुना होत्या, त्या दुरुस्तीत शिमिटाखाली गेल्या. आता तोच एक रायला."

मी समोर पाहिलं. लाल ठिपका होता. पाळीवरून सरळ समोर पाहिलं तर तो चौदा पावलं पुढे आहे की मागे, हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. तो सरळ रेषेत आपल्याकडेच सरकला होता.

तेव्हा बोलायला हवं होतं. पोती ताजी होती, पाणी अजून दगडापासून लांब होतं, एका वाक्याचं काम होतं. मी मनात म्हणालो, चौदा पावलांनी काय होतं? मग म्हणालो, उद्या सांगू, आज त्याचा मूड चांगला आहे. आयुष्यभर ज्याला नको तिथे बोलायची सवय, त्यानं एवढी एक गोष्ट गिळली. शरम वाटली हे खरं कारण. शेठजी म्हणून मान मिळत होता आणि त्या मानाला एवढ्यात तडा जाऊ द्यायचा नव्हता.

आठ दिवसांत दोन मोठ्या सरी झाल्या. एका सकाळी ओसरीत खुर्ची टाकून बसलो आणि पाहिलं, तर पाणी दगडाला लागलं होतं. माझ्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत, त्यांच्यापुढे दहा-बारा पावलं हिरवं गवत, आणि त्यापलीकडे पाण्यात उभा देव. फार सुंदर दिसत होतं. तेवढ्यात पाळीवर माणसं जमताना दिसली. पोती निघाली. सलंगावरून पांढरं पाणी खाली कोसळायला लागलं आणि त्याचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. मी खुर्चीतून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजी पाळीवर विचारात बसला होता. म्हणाला, "यंदा देव लवकर न्हाला जी."

"पाऊसच तसा जोराचा झाला ना काकाजी," मी म्हणालो.

आधी मी फक्त गप्प होतो. हे मात्र मी तोंडानं बोललो, आणि त्यानं ते खरं मानलं.

त्यानंतर आभाळानं तोंड फिरवलं. एक थेंब नाही. तुडुमातून पाणी सुटलं, वरच्या शेतांचं भागलं, आणि पाटाच्या शेवटी पोचायच्या आत तुडूम कोरडं पडलं. शेवटच्या शेतांत लोंब्या उभ्याच्या उभ्या राहिल्या. धानाची लोंबी भरली की वाकते. या वाकल्या नाहीत. मी एकदा मुद्दाम त्या बाजूनं गेलो, एक लोंबी तोडून चोळली, तर हातात फोलच आलं. ते शेत काकाजीचं होतं.

सुगी झाल्यावर मारुतीच्या देवळापुढे गाव बसलं. मलाही बोलावणं होतं. पाणी कमी का पडलं, यावर तासभर गरमागरमी चालली. एक जण म्हणाला, पाणकरानं कोणाच्या तरी सांगण्यावरून पोती लवकर काढली. दुसरा म्हणाला, स्वतःचंच धान मारायला कोण काढील? काकाजी खाली मान घालून बसला होता. "मले दोन ठिपके दिसले," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "माह्यावर इश्वास ठेवा. दोन दिसले."

मला ते पाहवेना. मी उभा राहिलो. देवाशपथ सांगतो, मी त्याला वाचवायलाच उभा राहिलो. म्हणालो, "काकाजींच्या इमानदारीवर कोणी बोट ठेवू नका. असा माणूस शोधून सापडणार नाही. आता वय झालं, नजर थोडी इकडेतिकडे होणारच. त्यात त्यांचा काय दोष?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडण मिटलं. ज्यांचं धान गेलं होतं तेही नरम झाले. बरोबर आहे म्हणाले, नजरच ती, कोणाचीही जाते. काकाजीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, आभार होते. मग तो म्हणाला, "शेठजी बराबर सांगून रायले. नजरच गेली असल." उठला, पाणकराची बांबूची काठी मारुतीपुढे ठेवली आणि घरी गेला. दुपारच्या आत गावानं नवा पाणकर नेमला.

घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही देव हलवला, अन् आंधळा त्याले ठरवून आले." त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतर मी खुर्ची तलावाकडे पाठ करून ठेवू लागलो. समोर भिंत. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरली, बायको बाहेर येऊन दाखवायची, मी पेपरात डोकं घालून बसायचो. काकाजी पाळीवर यायचा बंद झाला. त्यानं सायकल पुतण्याला देऊन टाकली. एकदा मी भीतभीत त्याच्या घरी गेलो, तर काकू, म्हणजे त्याची बायको, ताटात भाकर कुठे, भाजी कुठे ते त्याला बोटानं दाखवत होती. मला म्हणाली, "आता मलेच इचारतेत जी. गाय आली का, पोरगी आली का. दिसत असते त्यायले, पन इश्वास नाई ठेवत."

मी लगेच म्हणालो, भंडाऱ्याला डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे, उद्या गाडीनं घेऊन जातो. ते दोघं केवढे आभार मानत होते. आणि मी काय केलं असेल? गाडी चालवत असताना, दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना, मी मनातल्या मनात त्याच्यासाठी मोतीबिंदू मागत होतो. निदान एका डोळ्यात. म्हणजे मी म्हणालो ते थोडं तरी खरं ठरलं असतं. माणूस एवढा घसरू शकतो हे मला माझ्यावरून कळलं.

डॉक्टरनं तपासलं, थेंब टाकून पुन्हा तपासलं. म्हणाला, या वयात अशी लांबची नजर मी क्वचितच पाहतो. काही करायची गरज नाही.

परत निघालो. भंडारा सुटला, दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं लागली. मग काकाजी म्हणाला, "डोळे चांगले हायत म्हन्ते डाक्टर."

"हो काकाजी."

"मंग मले बराबर काहून नाई दिसलं जी?" आणि मग, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "म्हंजे डोकं गेलं असल माहं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंग धरूनच, त्याच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. दगड, जेसीबी, नारळ, पायऱ्या, खुर्ची. पाळीवर त्यानं माप सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो ते. पाऊस जोराचा होता म्हणालो ते. मारुतीपुढे बोललो ते. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

"किती पावलं?" त्यानं विचारलं.

"चौदा."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलत होते. "चौदा म्हंजे हातभर पानी," तो म्हणाला. "साऱ्या तलावाचं हातभर." मग दार उघडून खाली उतरला. मी घाबरून मागे उतरलो. तो शेताच्या धुऱ्यावर उभा राहिला आणि लांब पाहत बोट करायला लागला. "तो ऐन हाय. त्याच्या मांगं मोह. मोहाच्या डायीवर होला बसून हाय, एकटाच. तठी बाई चालून रायली, हिरवं लुगडं." मी पाहत होतो. मला ऐनाचं झाड दिसलं, मोह दिसला. होला मला दिसत नव्हता. तेवढ्यात तो फांदीवरून उडाला.

"दिसून रायलं जी," काकाजी म्हणाला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

गाडीत बसताना तो एवढंच बोलला, "मले सांगलं. गावाले कवा सांगता?"

पुढच्या बैठकीत मारुतीपुढे मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी वाक्यं जुळवून नेली नव्हती. सांगून झाल्यावर कोणी आरडाओरडा केला नाही. पाटाच्या शेवटी शेत असलेली एक बाई हळूच म्हणाली, "शेठजी, आमी देवावर बोल ठेवला, बुढ्यावर ठेवला. तुमच्यावर ठेवावा असं मनातच नाई आलं."

उन्हाळ्यात देव परत वर नेला. मूळ जागा आता माझ्या चौथ्या पायरीखाली होती. तोच गवंडी बोलावला, त्यानं काही न बोलता घण घातला. खालच्या चार पायऱ्या गेल्या. काकाजी गुडघे धरत तलावाला वळसा घालून आला होता. जुना खड्डा त्यानं मातीच्या रंगावरून ओळखला, दगड बसताना दोनदा थांबवला, दोन बोटं डावीकडे घ्यायला लावला. गावानं काठी त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली. आता देव न्हातो तेव्हा पाणी माझ्या तिसऱ्या पायरीच्या तुटक्या काठाला लागतं, आणि मला ओसरीतून गवत दिसत नाही. पाटाच्या शेवटी लोंब्या वाकतात.

मला वाटलं होतं, इथे सगळं संपलं. त्या वर्षी भादव्यात, सलंग बांधून झाल्यावर, एका सकाळी फोन वाजला. काकाजी पाळीवरून बोलत होता. मागे माणसांचे आवाज येत होते, पोती काढायला सगळे तयार उभे होते.

"शेठजी, मले दोन ठिपके दिसून रायले."

"हो काकाजी. न्हाला देव."

"ते झालं. पन तुमी जरा खाली जाऊन पाहा जी. देव जागेवरच हाय ना?"

मी अनवाणी खाली उतरलो, पाण्यात पाय घातला, दगडाला हात लावला. "जागेवरच आहे," म्हणालो. मग त्यानं पोती काढायला सांगितली.

तेव्हापासून दरसाल हा फोन येतो. चाळीस वर्षं त्यानं कोणाला विचारलं नव्हतं. आता दोन ठिपके दिसले की सगळं गाव हात आवरून उभं राहतं, काकाजी फोन लावतो, आणि मी पाण्यात उतरून दगडाला हात लावून हो म्हणेपर्यंत तो पोत्याला हात लावू देत नाही. कधी कधी तो दोनदा विचारतो.